नवतप्यात पट मांडताना



नवतपा लागला की आपल्या बालाघाटची दुपार सकाळी दहालाच सुरू होते आणि संध्याकाळी साडेपाचशिवाय संपत नाही. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा, हा हिशोब आपल्याकडे पंचांग न उघडताही सगळ्यांना पाठ असतो. हवामान खात्याचा हिशोब वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाऊन त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असले, किंवा सरळ ४५ अंशांना टेकले, की ते उष्णतेची लाट जाहीर करतात. आम्हाला मात्र लाट कळते ती छपरीतल्या फरशीवरून. अनवाणी पाय ठेवता येईना, की दारे-खिडक्या लावून घ्यायची आणि आत बसायचे.

आत बसून करायचे काय, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी फारच बिकट झाला. पुण्याहून दोन नातवंडे पंधरा दिवसांसाठी आली होती. दोघांच्या हातात मोबाइल, दोघांची दारे बंद. इकडे आमची आई, वय वर्षे ८८, माजघरात एकटी. तिला हल्ली नावे आठवत नाहीत. मोठ्या पणतवाला ती आमच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते आणि एकच प्रश्न तासाभरात चारदा विचारते. मुलांना तिची भाषा अर्धीच कळते, तिला त्यांची पावही कळत नाही. एका दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली, ती साडेचारपर्यंत आली नाही. कूलर थांबला, मोबाइल एकामागून एक मान टाकू लागले आणि मुले घामाघूम होऊन माजघरात आली, कारण घरातली गार फरशी तेवढीच. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी लाकडी पेटीतून जुनी पिशवी काढली. आत कापडी पट, सोळा लाकडी सोंगट्या आणि कवड्या. आईने कवड्या हातात घेतल्या, खुळखुळवल्या, टाकल्या आणि आम्ही मोजायच्या आत म्हणाली, "दहा. चला, कोण बसतंय?"

तेव्हापासून आमच्या घरी आणि शेजारच्या दोन-तीन घरी उन्हाळ्याच्या दुपारी पट मांडला जातो. यंदा बऱ्याच सभासदांनी विचारले की कोणते खेळ, कसे खेळायचे, सामान कुठून आणायचे. म्हणून हे लिहीत आहोत.

आधी बसायची सोय

जुने खेळ जमिनीवर बसून खेळायचे असतात आणि उन्हाळ्यात ते फायद्याचेच आहे. गरम हवा वर चढते. त्यामुळे खोलीत त्यातल्या त्यात गारवा असतो तो फरशीलगत. सतरंजी नको, ती गरम होते. ओले करून घट्ट पिळलेले पातळ सुती धोतर किंवा जुने लुगडे खिडकीला लावले तरी फरक पडतो. ज्यांच्या घरी अजून वाळ्याच्या ताट्या आहेत त्यांना आम्ही काय सांगावे! गुडघे दुखणाऱ्यांना पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवावे आणि पट त्यांच्याकडे थोडा सरकवून घ्यावा. आमच्या आईसाठी आम्ही पट जाड पुठ्ठ्यावर पसरतो आणि पुठ्ठा उलट्या घमेल्यावर ठेवतो. दिसायला विनोदी आहे, पण चालते.

पंख्याबद्दल एक गोष्ट. पत्ते आणि व्यापारातल्या नोटा पंख्याखाली उडतात, मग कोणीतरी पंखा कमी करतो आणि भांडण सुरू होते. कापडी पट आणि लाकडी सोंगट्या उडत नाहीत. वाड्यातल्या झुळुकीसाठी केलेली ही सोय छताच्या पंख्यालाही पुरते.

पाण्याचा नियम आम्ही खेळातच घातला आहे. ज्याची सोंगटी मेली त्याने अर्धा पेला पाणी, ताक किंवा पन्हे प्यायचे, मगच पुढचे दान. उतारवयात तहान लागल्याची जाणीव कमी होते. नुसते "आई, पाणी घे" म्हटले तर ती "नको" म्हणते. पण खेळाचा नियम म्हटला की निमूट पिते. एखाद्याचे अंग फार तापले, बोलणे भरकटू लागले, चक्कर आली, तर खेळ तिथेच सोडून अंगावर गार पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. तेव्हा घरगुती उपायांवर वेळ घालवू नये.

चार चिंचोके आणि खडू

सामान काहीच नसेल तर अष्टा-चंगा-पे पासून सुरुवात करा. महाराष्ट्रात काही ठिकाणी याला चल्लस-आठ म्हणतात, कर्नाटकात चौकाबारा, तेलुगू मुलखात अष्टा-चम्मा. आपल्या भागात हिंदी बोलणाऱ्या घरांतूनही हा खेळ तितकाच ओळखीचा आहे, त्यामुळे शेजारची मुले लगेच येऊन बसतात.

फरशीवर खडूने पाच घरे आडवी, पाच उभी असा चौकोन काढायचा. एकूण २५ घरे. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्याच्या घरात फुली मारायची. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारत नाही. चौघे चार बाजूंना बसतात. प्रत्येकाच्या चार गोट्या, म्हणजे एकाचे तुरीचे दाणे, एकाची शर्टाची बटणे, एकाचे खडे, एकाचे बांगड्यांचे तुकडे. सगळ्यांनी आपापल्या फुलीतून निघायचे. बाहेरच्या १६ घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने जायचे, आपल्या घराच्या अलीकडे पोचले की आतल्या आठ घरांत शिरायचे, तिथे घड्याळाच्या दिशेने फिरायचे आणि शेवटी मध्यावर. म्हणजे एका गोटीला २४ पावले. वाटेत दुसऱ्याची गोटी ज्या घरात आहे नेमके तिथे पोचलात तर ती मेली. ती पुन्हा आपल्या फुलीत जाते. आणि ज्याने एकही गोटी मारलेली नाही त्याला आतल्या घरांत जाता येत नाही, तो बाहेरच फेऱ्या घालत राहतो. या एका नियमामुळे खेळाला धार येते. फार सज्जनपणे खेळणारा कधीच जिंकत नाही.

फाशांच्या जागी चार चिंचोके. प्रत्येक चिंचोका खरखरीत फरशीवर किंवा दगडावर एका बाजूने पांढरा दिसेपर्यंत घासायचा. दोन मुलांना हे काम दिले तर अर्धी दुपार तशीच जाते. चारही टाकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. एक पांढरी म्हणजे पे, एक घर. दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चारही पांढऱ्या म्हणजे चंगा, चार घरे. एकही पांढरी नाही, सगळे पालथे, म्हणजे अष्टा, आठ घरे. चंगा आणि अष्ट्याला पुन्हा दान मिळते. लागोपाठ तीनदा पुन्हा दान मिळाले तर आमच्याकडे तिन्ही दाने जळतात.

आता थोडा आकडेमोडीचा नाद, कारण जन्मभर तेच केले. चार चिंचोके १६ प्रकारे पडू शकतात. त्यात अष्टा एका प्रकारे, चंगा एका प्रकारे, पे आणि तीन प्रत्येकी चार प्रकारे, दोन सहा प्रकारे. सगळे मिळून सरासरी एका दानाला अडीच घरे. चार गोट्यांची ९६ पावले, म्हणजे एकही गोटी न मरता कोणी जिंकला तर त्याला अडतीस-एकोणचाळीस दाने लागावीत. चौघे खेळताना मराठी पाऊण तास, आणि आमच्या सौभाग्यवती खेळत असतील तर दीड. त्या मारण्यासाठीच खेळतात.

हे गणित नातवाला सांगितल्यावर त्याने विचारले, चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो कशावरून? प्रश्न रास्त होता. मग त्याने शंभर वेळा चिंचोके टाकून वहीत चार रकाने पाडून मांडले. हिशोबाने अष्टा शंभरात सहा-सातदा पडायला हवा; तो त्याच्या दुपटीहून जास्त वेळा पडला. घासलेली बाजू सपाट होते आणि सपाट बाजू जमिनीला बसते, म्हणून चिंचोका पालथा पडण्याकडे झुकतो. ज्याने चिंचोके घासले त्याला आपला चिंचोका किती सपाट आहे हे ठाऊक असते, तेव्हा खेळ सुरू करण्यापूर्वी चिंचोके सगळ्यांच्या हातून फिरवून घ्यावेत.

सारीपाट

अष्टा-चंगा जमले की सारीपाटाकडे जावे. त्याचा पट फुलीसारखा. चार बाह्या, प्रत्येक बाहीत तीन रांगा आणि रांगेला आठ घरे, म्हणजे बाहीत २४ आणि चारही मिळून ९६. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. सोंगटी मध्यातून निघून आपल्या बाहीच्या मधल्या रांगेने बाहेर जाते, चारही बाह्यांना वळसा घालते आणि त्याच मधल्या रांगेने परत मध्यावर येते. लांबट फाशांनी खेळला तर चौपड, कवड्यांनी खेळला तर पचीसी. आमच्या आईच्या माहेरची पद्धत सहा कवड्यांची. सहाही पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी पडली तर दहा, बाकी जितक्या उताण्या तितकी घरे. पचीसी हे नाव त्या पंचविसावरूनच आले. तुमच्या घरी सहा उताण्यांना बारा धरत असतील किंवा कवड्या सात असतील, तर ते चूक नाही. घरोघरी फरक आहे.

डाव दोन-तीन तास चालतो. इतर वेळी हा दोष असेल, नवतप्यात हाच गुण. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसलेले कोरले आहेत. फत्तेपूर सिक्रीच्या महालात अंगणभर पचीसीचा पट आखलेला आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या कथेत तो म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि पैजेप्रमाणे घर सोडतो, मग पुढे बाणाईची कथा सुरू होते. इंग्लंडमध्ये १८९६ साली याच पटाला सुटसुटीत करून, कवड्यांऐवजी एक चौकोनी फासा घालून लुडो म्हणून पेटंट घेतले गेले. आज नातवंडांच्या मोबाइलवर जे आहे ते हे घरचेच माल आहे, विलायतेला जाऊन आलेले. लुडोत भिडू नसतात आणि विचार कमी लागतो, म्हणून आमचे मत सारीपाटाच्या बाजूने. पण पाच वर्षांच्या मुलाला लुडोच बरा.

सापशिडीही अशीच फिरून आली. आपल्याकडे मोक्षपट होता. सापांच्या जागी दुर्गुण, शिड्यांच्या जागी सद्गुण, शेवटच्या घरी मोक्ष. मराठी परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. काळाचा उल्लेख असलेले जे जुने पट आज हाती आहेत ते अठराव्या शतकातले, तेव्हा माउलींचे नाव भक्तीने जोडले गेले असावे असे आम्हाला वाटते. कोणाला राग येऊ नये. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट झाले आणि पुढे मोक्ष गळून नुसते शंभर उरले.

त्या शंभराचा आम्ही वेगळा उपयोग केला. नियम असा की ज्या घरात सोंगटी पोचली त्याचा आकडा मराठीत मोठ्याने म्हणायचा. म्हणता आला नाही तर सोंगटी मागच्या घरी. पहिल्या दिवशी धाकटी नात एकोणसाठवर अडली, मोठा एकोणऐंशीवर. दोघे मराठी घरातली मुले, पण शाळेत फिफ्टी नाइन आणि रस्त्यावर उनसठ. चौथ्या दिवशी शेजारचा हिंदीभाषक मुलगा ते दोन्ही आकडे बिनचूक सांगू लागला आणि आमच्या नातवंडांना जरा लाज वाटली. पाचव्या दिवशी त्यांनाही आले. शाळेत जे महिन्यात होत नाही ते हरण्याच्या भीतीने चार दुपारीत होते.

हुकूम म्हणजे काय

पत्त्यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा नियम सांगत बसत नाही. बदाम सात कितीही लोक असले तरी चालतो. तिघेच असतील तर पाच-तीन-दोन, त्याला ३० पत्ते लागतात. चौघांना मेंढीकोट. अगदी लहानांना भिकार-सावकार, ज्यात डोके अजिबात लागत नाही आणि सावकार होण्याचा आनंद मात्र पुरेपूर.

पण पत्त्यांतली एक गंमत आपल्यासारख्या गावातच होते. आपली बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. शेजाऱ्यांची पान, ईंट, चिड़ी, हुकुम. त्यांच्याकडे हुकुम म्हणजे इस्पिकची पाने. आपल्याकडे हुकूम म्हणजे त्या डावात जो रंग इतरांना कापतो तो, ज्याला ते तुरुप म्हणतात. परवा मेंढीकोटात आमच्याकडून "हुकूम बदाम" असे जाहीर झाले आणि शेजारच्या मुलाने चेहरा असा केला की जणू आम्ही मीठ गोड आहे म्हणालो. त्याने चौकटीच्या हातावर इस्पिकची दुर्री मारली आणि हात ओढायला लागला. त्याच्या मते हुकुम पडला होता. अर्धा तास वाद. त्यांचा दहला, आपली दश्शी. त्यांची बेगम, आपली राणी. शेवटी ठरले की आमच्या घरी खेळताना मराठी नावे, त्यांच्या घरी हिंदी. आता दोन्हीकडची मुले दोन्ही बोलतात.

ही नावे किरकोळ वाटतात, पण मराठी बोलण्यात पटाचे आणि पत्त्यांचे किती शब्द आहेत पाहा. हुकमी एक्का, डाव साधणे, फासे उलटे पडणे, शह देणे, एखाद्याला प्यादे करणे. मनासारखे दान पडले असे आपण लग्न ठरल्यावरही म्हणतो. सगळ्यांत मजेदार शब्द पोबारा. सारीपाटात पौ म्हणजे एक, आणि वर बारा. हे दान इतके चांगले की हिंदीत "पौ बारह" म्हणजे चांदी झाली. मराठीत मात्र त्याच दानाने माणूस पोबारा करतो, म्हणजे पळून जातो. चांगले दान पडल्यावर सोंगटी पळते, हे आपण पाहिले. मिळकत त्यांनी पाहिली. ज्या मुलाने पटच पाहिला नाही त्याला हे शब्द पाठ करावे लागतील. खेळलेल्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

आपल्या घरांना याची गरज जरा जास्त आहे. जुन्या मध्य प्रांतात राजधानी नागपूर होती, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना नोकरी-वकिलीसाठी बालाघाटला येताना परमुलखात आलो असे वाटलेच नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, भंडारा त्या बाजूला गेला आणि आपण या बाजूला राहिलो. गोंदिया चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पण शाळा, कचेरी, बाजार सगळे हिंदीत. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि माजघरातल्या पटावर. त्यांतला पट अलीकडे पेटीत गेला होता.

व्यापार आणि कॅरम

व्यापाराबद्दल थोडक्यात. आम्हाला नोकरीच्या पापामुळे घरी नेहमी बँकच सांभाळायला बसवतात. या खेळाचे मूळ अमेरिकेत. लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये त्याचा पहिला अवतार पेटंट केला. जमीन थोड्यांच्या हाती गेली की भाड्यापायी बाकीचे कसे नागवले जातात हे लोकांना दिसावे असा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ मध्ये मोनोपॉली म्हणून तो बाजारात आला आणि लोकांनी उलटाच धडा घेतला. आपल्याकडच्या व्यापारात मुंबई-कलकत्ता आले, एवढेच. मोनोपॉलीच्या नियमांत एक वाक्य आहे की बँकेचे दिवाळे कधीच निघत नाही, नोटा संपल्या तर साध्या कागदावर लिहून द्याव्यात. आमच्या साहेबांना हे वाक्य दाखवायचे राहून गेले. खेळ चांगला आहे, पण ४३ अंशांत तो खेळू नये असे आमचे अनुभवाचे मत. तिसऱ्या तासाला एकाकडे सगळे असते, बाकीचे कंटाळलेले असतात आणि डोकी आधीच तापलेली.

कॅरमला कूलरचा त्रास होतो. कूलरची हवा ओलसर असते. पावडर धरून बसते आणि स्ट्रायकर मध्येच थबकतो. बोर्ड कूलरच्या झोतापासून दूर ठेवावा, खेळ झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून उभा न टेकवता सपाट ठेवावा. उभा टेकवलेला बोर्ड एका पावसाळ्यात वाकतो. आमचा वाकला आहे. एका कोपऱ्यात सगळ्या सोंगट्या आपोआप जातात, तो कोपरा आम्ही पाहुण्यांना देतो.

जुने पट असतील तर

पुष्कळ घरांत असे पट अजून असतील. आधी शोधा, मग बाजारात जा. कापडी पट धुऊ नका, रंग आणि कलाबूत दोन्ही जातात. सावलीत झटकून, मऊ ब्रशने साफ करून, घडी न घालता गुंडाळून ठेवा. घडीवरच कापड आधी विरते. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला तर कसर लागत नाही. पत्ते किंवा जुने पुठ्ठ्याचे पट प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, ओल आतच राहते. कोणाकडे गोल गंजिफा असतील तर खेळण्याआधी कोणा जाणकाराला दाखवा. दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, हाताने रंगवलेले. ही कला सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा जिवंत केली आणि तिथले नवे जोड विकत मिळतात. खेळायचे ते नव्याने, जुने जपावे. त्या खेळात दिवसा राम ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची आणि रात्री कृष्ण ज्याच्या हाती त्याने, एवढे ऐकूनच आमच्या नातीने सावंतवाडीला जायचा हट्ट धरला.

खेळ संपला की सामान मोजून ठेवायचे. हे आम्ही रोकड जुळवल्यासारखे करतो. सोळा सोंगट्या, सहा कवड्या, एक पट. एक मूल मोजते, दुसरे वहीत लिहून सही करते. मागच्या वर्षी एक हिरवी सोंगटी कमी भरली, तिच्या जागी हिरवे बटण आले. पाचव्या दिवशी ती कूलरच्या टाकीत सापडली. कशी गेली हे कोणी कबूल केले नाही.

नियमांची वही

आणखी एक काम सगळ्यांनी याच उन्हाळ्यात करावे अशी विनंती आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाबरोबर एक डाव खेळा आणि त्यांचे नियम लिहून घ्या. पुस्तकातले नको, त्यांच्या माहेरचे, त्यांच्या वाड्यातले. सोंगटी कोणत्या दानाला उठते, जोडी मारता येते की नाही, जळलेल्या दानाचे काय, भिडूने इशारा केला तर दंड काय. एक पान पुरते. वर गावाचे नाव आणि साल घाला. मंडळात दिलीत तर आम्ही सगळी पाने एका वहीत लावून ठेवू. पुढे कोणाला खेळताना अडले तर बघायला मिळतील.

नुसते विचारून हे मिळत नाही. आम्ही आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काही आठवत नाही बाबा." खेळायला बसवले तेव्हा नातवाने दोन सोंगट्या एका घरात ठेवल्या आणि तिने त्याचा हात धरला. "जोडी झाली. आता एकट्याला ती मारता येत नाही, जोडीनेच मारावी लागते." ते आम्ही लगेच लिहिले. नातीने विचारले, "पणजी, जोडीला एकत्र चालता येतं?" आई म्हणाली, "येतं तर. पण दान दुप्पट लागतं." तेही लिहिले.

दोन दिवसांनी तीच जोडी पुन्हा पटावर आली आणि आईने ती एकट्याच दानाने चालवली. नातवाने वही उघडून दाखवली. आईने चष्म्यातून पाहिले आणि म्हणाली, "हे कोणी लिहिलं? आमच्या भंडाऱ्याला असं नव्हतं." मग बहुधा दोन नियम असावेत, एक भंडाऱ्याचा आणि एक लग्नानंतर इकडचा, किंवा तिच्या मनात दोन्ही एक झाले असावेत. कोणता खरा हे सांगणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. वहीत आम्ही दोन्ही ठेवले आहेत, समोर तारखा घालून. डाव सुरू करताना आईलाच विचारतो की आज कोणता.